पैलतीरचं सरपण

मी भिलाईची. वडील पोलाद कारखान्यात, घर सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये. ही वस्ती कशी उभी राहिली याच्या गोष्टी आमच्याकडे रात्रीच्या जेवणाबरोबर वाढल्या जात. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेला करार, माळावरचे तंबू, पावसाळ्यातला चिखल, रशियन इंजिनिअर आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी. आसपासच्या गावांतून डोक्यावर लाकडाची मोळी नि टोपलीत भाजी घेऊन येणाऱ्या बायका या गोष्टींत कधी नसायच्या. त्यांच्या छत्तीसगढीत आम्ही सगळे ‘परदेसिया’. पुढे इतिहास वाचता वाचता मुंबईतल्या इंग्रजांच्या पहिल्या तीस वर्षांपाशी मी अडकले, ते बहुधा या बायकांमुळेच. किल्ला, कोर्ट, टांकसाळ यांच्या हकिकती वाचताना एकच गोष्ट मनात घोळत राहायची : यांची चूल कशावर पेटत होती?

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे शाळेत सगळेच शिकतात. २३ जून १६६१ च्या तहानं पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सला देण्याचं ठरलं आणि तिच्याबरोबर हे बेट. प्रत्यक्ष ताबा मिळायला मात्र साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. सप्टेंबर १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० सैनिक घेऊन मुंबईच्या खाडीत आला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो ई कास्त्रोनं कागदपत्रांतल्या चुका काढून बेट द्यायला नकार दिला. त्याला या बंदराची किंमत कळत होती. इंग्रज इथं एकदा रुजले तर पोर्तुगिजांच्या हातून हिंदुस्थान जाईल, असं त्यानं आपल्या राजाला स्पष्ट कळवलं होतं. सुरतेला उतरावं, तर एवढं सैन्य आणलेलं पाहून मुघल बिथरतील, या भीतीनं कंपनीचे व्यापारी तयार नव्हते. शेवटी ती माणसं कारवारजवळच्या अंजदीव या चिमुकल्या बेटावर उतरवली गेली.

इंग्लंडच्या राजाचे हे सैनिक अंजदीववर नुसते वाट पाहत बसले. डोक्यावर धड छप्पर नाही, आणि कोकण किनाऱ्याचा पावसाळा. ताप आणि हगवण. एप्रिल १६६४ मध्ये शिपमन स्वतः गेला. त्याचा कारभारी हम्फ्री कुक उरलेली माणसं घेऊन मुंबईला निघाला, तेव्हा ४०० पैकी जेमतेम शंभर जिवंत होती. मुंबईचं पहिलं इंग्रज ठाणं म्हणजे हे शंभर आजारी जीव.

ताबा देण्याचा समारंभ १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेटाची मालकीण दोना इग्नेस दि मिरांडा हिच्या वाड्यावर झाला. कुकनं जमिनीवर चालून दाखवलं, माती आणि दगड हातात घेतले, भिंतींना हात लावला. ताबा घेण्याची तेव्हाची रीतच तशी. पण कुकनं त्यासाठी ज्या अटी मान्य केल्या त्यांतली एक मला फार बोलकी वाटते. पोर्तुगिजांच्या मुलखातल्या गावांतून कुणबी, भंडारी वगैरे कोणी पळून मुंबईत आला, तर इंग्रजांनी त्याला आसरा द्यायचा नाही, परत हवाली करायचा. बेट गेलं तरी चालेल, बेटावर राबणारे हात जाता कामा नयेत! खारवटीच्या त्या मुलखात धन कशाला म्हणत, हे व्हाइसरॉयला पुरेपूर ठाऊक होतं. इंग्रजांना ते पुढे अनुभवानं कळलं.

राजाला हे आंदण तीनच वर्षांत नकोसं झालं. खर्च फार, उत्पन्न नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं त्यानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडानं देऊन टाकली. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला कंपनीची माणसं बेटावर आली.

त्यांच्या हाती काय पडलं? कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशा बेटांची एक माळ. भरतीला मधल्या फटींतून समुद्र आत घुसे आणि ओहोटीला चिखल मागे ठेवून जाई. वस्ती सुमारे १०,०००. कोळी, भंडारी, कुणबी, ख्रिस्ती झालेली कुटुंबं, थोडे मुसलमान. उत्पन्न नारळी-ताडीचं, भाताचं, मिठाचं, मासळीचं. कंपनीचा तरुण डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली इथं आला. किल्ल्यापासून बऱ्याच अंतरावर पसरलेलं गाव त्यानं पाहिलं : बसकी घरं, नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेली, कौलारू घरं थोडीच, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं. कोकणातल्या कोणालाही हे वर्णन आपल्या आज्याच्या घराचं वाटेल.

फ्रायरच्या आणि इतरांच्या लिखाणात एक तक्रार सारखी येते, दुर्गंधीची. नारळीच्या मुळाशी कुजलेली मासळी खत म्हणून पुरत. कोकणात त्याला आजही कोणी नाक मुरडत नाही. इंग्रजांना मात्र खात्री होती की मरण येतं ते या वासातून, या जड हवेतून. त्यांचं हे चुकत राहणं आज पाहिलं की गलबलून येतं. मरण त्या खाजणात, डबक्यांत, डासांच्या सोंडेत होतं. विहिरींच्या मचूळ, दूषित पाण्यात होतं. ते मासळीला दोष देत राहिले, शिरा कापून रक्त काढत राहिले आणि मरत राहिले. हिवतापाचा डासाशी असलेला संबंध कळायला अजून सव्वादोनशे वर्षं जायची होती.

या आजारांतला सर्वांत भयंकर म्हणजे ज्यात उलट्या-जुलाबांनी माणूस काही तासांत पिळून निघे तो. पोर्तुगीज त्याला ‘मोर्देशीं’ म्हणत. फ्रेंचांनी त्या आवाजातून ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण, असा शब्द ऐकला. मूळ शब्द आपला साधा घरगुती ‘मोडशी’. आजी म्हणायची ना, ‘ओली मुगाची डाळ खाऊ नको, मोडशी होईल’ – तीच. या शब्दाची नोंद १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात सापडते. ग्रंथकर्ता गार्सिया द ऑर्ता, वैद्य. हिंदुस्थानी लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात, आम्ही त्याचा अपभ्रंश केला, असं तो सांगतो. आणि हाच ऑर्ता एके काळी मुंबई बेटाचा खंडकरी होता. दोना इग्नेसच्या ज्या वाड्यात कुकनं ताबा घेतला, ज्याच्याभोवती पुढे इंग्रजांचा किल्ला उठला, तो वाडा ऑर्ताचा. रोगाचं नाव लिहून ठेवणाऱ्या वैद्याच्या घरात शंभर वर्षांनी त्याच रोगानं माणसं तडफडत होती. उपाय म्हणून तळपायाला तापलेल्या लोखंडाचा डाग देत. तो इथलाच उपाय, गोऱ्या डॉक्टरांनीही उचललेला.

पगार कमी, त्यात कापाकापी, आणि हाताशी भरपूर ताडी नि अरक. सैनिक पीत. उन्हाळ्यातही लोकरी कपडे घालत, मांस दोन्ही वेळा खात. भंडाऱ्यांची ताडी हे बेटाच्या महसुलाचंही मोठं साधन होतं, त्यामुळे पिणं थांबवावं असं कंपनीच्या हिशेबाला मनापासून कधी वाटलं नसणार.

या पुरुषांनी स्थिर व्हावं, पोर्तुगीज मिश्र घरांत लग्नं करून कॅथलिक होऊ नये, म्हणून कंपनीनं इंग्लंडहून अविवाहित मुली पाठवल्या. वर्षभराचं खाणं आणि एक पोशाख कंपनीकडून. तेवढ्यात लग्न जमवायचं. कंपनीच्या पत्रांत या मुली ‘घरंदाज’ आणि ‘इतर’ अशा दोन रकान्यांत येतात. वर्ष संपल्यावर ज्यांचं जमलं नाही, त्यांच्या वागणुकीबद्दल तक्रारी जाऊ लागल्या. मग लंडनहून हुकूम आला की सुधारल्या नाहीत तर त्यांना कोंडून भाकर-पाण्यावर ठेवा आणि जहाजानं परत पाठवा. सहा-सात महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेल्या या मुलींचा स्वतःचा एक शब्दही मला कुठं सापडलेला नाही. एवढं दिसतं की त्यांची मुलं फारशी जगत नसत. पादरी जॉन ओव्हिंग्टन १६९० च्या सुमारास इथं होता. त्याच्या सांगण्यानुसार वीस मुलांतलं एखादंच तान्हेपण ओलांडी. मोठ्यांचं आयुष्य इथं दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच त्या वेळी पडली होती. ओव्हिंग्टनबरोबर जहाजातून आलेल्या चोवीस प्रवाशांपैकी वीसजण पावसाळा संपायच्या आत गेले. किल्ल्याच्या दक्षिणेला दफनभूमी होती, आजच्या रीगल सिनेमाच्या परिसरात कुठंतरी. तिला ‘मेंडहॅम्स पॉइंट’ म्हणत. मेंडहॅम हा तिथं पुरलेला पहिला माणूस.

आता चुलीकडे येते.

मुंबई बेटावर जंगल नव्हतं. भात पिके, पण फुगत चाललेल्या वस्तीला पुरे इतका नव्हे. तांदूळ, सरपण, गुरं, बांधकामाचं लाकूड सगळं पैलतीरावरून, पेण-नागोठण्याच्या खाड्यांतून, कल्याणकडून, मचव्यांत भरून यायचं. त्या वाटेवर ठाणे आणि करंजा इथं पोर्तुगिजांच्या जकात चौक्या होत्या. मनात आलं की ते जकात वाढवत, मनात आलं की होड्या अडवत. बेट देऊन टाकलं, पण त्याचं नाक त्यांनी हातात ठेवलं होतं. आणि मागचा मुलूख बव्हंशी शिवाजी महाराजांचा.

महाराजांशी इंग्रजांचा हिशेब आधीच बिघडलेला होता. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, स्वतः तोफा डागल्या. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले १६६३ मध्ये. नंतरची अनेक वर्षं इंग्रज नुकसानभरपाई मागत होते, आणि महाराज बोलणी लांबवत होते. त्या घासाघिशीत इंग्रजांचा आवाज कधी फार चढला नाही. कसा चढणार? होड्या पैलतीरावर थांबल्या असत्या तर किल्ल्यातला भात शिजला नसता.

१६७४ च्या मे महिन्यात कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला तो या पार्श्वभूमीवर. बरोबर दुभाष्या नारायण शेणवी. आधीची बोलणी त्यानंच पार पाडली होती. या सगळ्या काळात इंग्रजांच्या तोंडून महाराजांच्या कानी गेलेला जवळजवळ प्रत्येक शब्द अशाच कोणा शेणव्याच्या जिभेवरून गेला, हे विसरता कामा नये. ६ जूनचा राज्याभिषेक ऑक्झिंडेननं पाहिला. एवढ्या अवघड कड्यावर हत्ती कसे चढवले असतील, असा त्याला प्रश्न पडला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. फ्रायरनं नोंदवलेली एक लहान गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. या पाहुण्यांना मटण पुरवणारा खाटीक म्हातारा होता. निघायच्या वेळी तो मुद्दाम गड चढून वर आला. त्याची नेहमीची सगळी गिऱ्हाइकं मिळून खात नसत एवढं मांस या मूठभर लोकांनी महिन्याभरात फस्त केलं होतं. अशी माणसं दिसतात तरी कशी, ते त्याला पाहायचं होतं. त्या म्हाताऱ्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. तहात राजापूरची १०,००० होनांची भरपाई कबूल झाली. पैसे मात्र वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्यानं, मालाच्या रूपात येत राहिले.

चूल पुन्हा धोक्यात आली १६७९ मध्ये. मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तटबंदी सुरू केली. त्यांचा सरदार मायनाक भंडारी तिथं उभा होता. इंग्रजांनी जहाजं पाठवून वेढा घातला, पण वारा पडला की त्यांची मोठी शिडं लटकत, आणि रात्रीच्या अंधारात वल्ह्यांच्या लहान होड्या रसद घेऊन खांदेरीला सहज पोचत. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानानं आरमार घेऊन हल्ला केला. इंग्रजांचं ‘डव्ह’ शरण गेलं; रिचर्ड केग्विनच्या ‘रिव्हेंज’नं लढून जागा राखली. तरीही खांदेरी सुटली नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड करून वेढा उठवला. मराठी भूमीवरून येणारं लाकूड-धान्य बंद झालं तर काय, ही धास्ती त्यांच्या विचारात पहिल्यापासून होती. आपल्याकडे खांदेरीची हकीकत आरमारी पराक्रम म्हणून सांगतात, ती तशी आहेच. मला तीत सरपणाचाही धूर दिसतो.

या सगळ्यांत एक माणूस असा होता ज्याला वस्ती म्हणजे काय हे कळलं होतं. जेराल्ड ऑन्जिए. १६६९ पासून तो सुरतेचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर. बेटावरच्या जमीनदारांशी चाललेला मालकीचा तंटा त्यानं सभा भरवून मिटवला : सर्वांनी मिळून वर्षाला २०,००० शेराफिन (पोर्तुगीज नाणी) द्यायचे आणि जमिनी आपल्याकडे ठेवायच्या. टांकसाळ काढली. जातीजातींच्या पंचायतींना आपापले तंटे सोडवायची मुभा दिली. दीवच्या निमा पारेखसारख्या वाण्यांना धर्माच्या बाबतीत लेखी अभय दिलं. भीमजी पारेखनं पोथ्या छापण्याची इच्छा धरली, तर त्याच्यासाठी इंग्लंडहून मुद्रक मागवला. हेन्री हिल्स १६७४ मध्ये आला. ८ ऑगस्ट १६७२ रोजी पहिलं न्यायालय उघडलं, त्या दिवशीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे कोण होतं? हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी, दोन-दोनच्या रांगेत. त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती लोकांच्या तुकड्या, मग घोडे, कर्णे, आणि पालखीत गव्हर्नर. पुढल्या वर्षी डच आरमार बेटावर चालून आलं, तेव्हा जमीनदारांच्या आणि भंडाऱ्यांच्या पलटणी पाहूनच ते माघारी फिरलं.

ऑन्जिएबद्दल मला खरी आपुलकी आहे. मूठभर तापानं फणफणलेल्या परदेशी माणसांच्या बळावर हे बेट टिकणार नाही, हे त्यानं ओळखलं. फ्रायरच्या अंदाजानं त्याच्या काळात वस्ती ६०,००० वर गेली. तो ३० जून १६७७ रोजी सुरतेला गेला. मागे अर्धवट राहिलेलं त्याचं एक काम म्हणजे इंग्रजांसाठी प्रार्थनामंदिर. भिंती थोड्या उठल्या आणि पैसे आटले.

त्याच्यानंतर कंपनीनं काटकसरीचा वरवंटा फिरवला. सैनिकांचे पगार कापले. २७ डिसेंबर १६८३ रोजी खांदेरीवाल्या केग्विननंच बंड करून किल्ला ताब्यात घेतला आणि राजाच्या नावानं जवळजवळ अकरा महिने कारभार केला. संभाजी महाराजांशी बोलणी करून त्यानं थकलेली भरपाईही मिळवली. माफीच्या अटीवर नोव्हेंबर १६८४ मध्ये त्यानं किल्ला परत दिला.

मग आलं सिद्दीचं संकट. जंजिऱ्याचा सिद्दी मुघलांचा आरमारप्रमुख म्हणून दर पावसाळ्यात माझगावला जहाजं आणून तळ ठोके, आणि त्याची माणसं कोळ्यांच्या झोपड्यांत धिंगाणा घालत. कंपनीचा गव्हर्नर सर जॉन चाइल्डनं औरंगजेबाशी भांडण उकरलं आणि १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. शिवडी गेली, माझगाव गेलं, माहीम गेलं. माझगावचा कोट इंग्रज तोफा टाकून सोडून पळाले. वर्षाहून अधिक काळ ते किल्ल्यात कोंडलेले होते आणि बाहेर अख्खं बेट सिद्दीचं. जळाली ती गावकऱ्यांची घरं, लुटली गेली ती त्यांची भातं. शेवटी बादशहापुढे नाक घासून, दीड लाख रुपये दंड भरून इंग्रज सुटले. सिद्दी जून १६९० मध्ये गेला. जाताना तो मागे साथ सोडून गेला. अलेक्झांडर हॅमिल्टन हा स्कॉटिश कप्तान त्या वेळी तिथं होता. तो सांगतो की सात-आठशे इंग्रजांपैकी साठ उरले. म्हणजे १६६५ मध्ये आलेल्या शंभरांहूनही कमी. कोळी-कुणब्यांतले किती गेले, हे त्याला मोजावंसं वाटलं नाही.

ऑन्जिएच्या त्या मंदिराच्या भिंती चाळीसएक वर्षं तशाच उन्हापावसात उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब नावाचा पादरी आला, त्यानं पुन्हा वर्गणी मागायला सुरुवात केली, आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडलं. फोर्टात ते अजून उभं आहे. त्या दिवसाची हकीकत कॉबनं लिहिली आहे. गव्हर्नर चार्ल्स बून लवाजम्यासह आला होता. दाराशी गर्दी लोटली होती, आणि त्या गर्दीत आपल्या जातीच्या लोकांसह रामाजी उभा होता. त्याला इंग्रजांची ही उपासना पाहायची होती. पूजा संपेपर्यंत तो शांतपणे तिथंच थांबला.

हा रामा कामाती. शेणवी. कंपनीच्या हिंदी शिपायांचा प्रमुख, मोठा व्यापारी, वाळकेश्वराचं मंदिर १७१५ च्या सुमारास पुन्हा बांधणारा. दोन वर्षांच्या आत, १७२० मध्ये, बूनच्या सरकारनं त्याला मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून उभं केलं. पुरावा म्हणून एक पत्र दाखवण्यात आलं. त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि त्याला किल्ल्यात कैदेत टाकण्यात आलं. ते पत्र बनावट होतं, हे पुढे इतिहासकारांनी दाखवून दिलं. तोवर रामा कामाती कैदेतच मरण पावला होता, १७२८ च्या सुमारास.